व्हेगन पाहुणा, बेकरीचं पॅटिस आणि आपली मटार करंजी

पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी किंवा परदेशात शिकणारी मुलं सुट्टीला कोल्हापुरात येतात आणि घरी सांगतात, "मी आता व्हेगन आहे." म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मधही नाही. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय असलेल्या आणि गोकुळच्या दुधावर वाढलेल्या आपल्या गावाला हे पचायला थोडं जड जातं. मग घरात बारसं, वाढदिवस किंवा निवृत्तीचा कार्यक्रम असला की प्रश्न येतो, याच्यासाठी करायचं काय? उत्तरही ठरलेलं असतं: "बेकरीतून व्हेज पॅटिस आणू. त्यात कुठे दूध असतं?"

बऱ्याचदा नसतंही. पण एक डॉक्टर म्हणून माझं मत असं आहे की हे पॅटिस व्हेगन असलं तरी पाहुणचारासाठी ती चांगली निवड नाही. त्याहून चांगला पदार्थ आपल्याच स्वयंपाकघरात आहे. तो म्हणजे मटार करंजी.

पॅटिसला पदर कशामुळे सुटतात?

पॅटिसच्या मैद्याच्या लाटीत घट्ट चरबीचा थर घालून घड्या घालतात, लाटतात आणि पुन्हा घड्या घालतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि चरबीच्या थरांमुळे पदर एकमेकांपासून सुटतात. त्यासाठी चरबी घट्टच लागते. युरोपात लोणी वापरत आले. आपल्याकडे ते महाग पडतं, म्हणून बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप किंवा मार्गारीन असतं. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला आणि भारतीय घरांनी वनस्पती तूप हे जणू तुपाचं धाकटं भावंडच मानलं. प्रत्यक्षात ते तेलच. त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात.

या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी करतं. हृदयासाठी चरबीचा याहून वाईट प्रकार नाही. म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जानेवारी २०२२ पासून तेल-चरबीतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. हा चांगला निर्णय आहे.

पण ट्रान्स फॅट कमी झालं म्हणून वनस्पती तूप निर्धोक झालं, असं समजू नका. ते घट्ट राहावं म्हणून आता पाम तेलाचा वापर मोठा आहे आणि पाम तेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. महागड्या 'व्हेगन पेस्ट्री'त कधी खोबरेल तेल असतं. त्यात तर संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून जास्त. संपृक्त चरबीही एलडीएल वाढवते. ती झाडापासून आली की गाईपासून, हे आपल्या रक्तवाहिन्यांना कळत नाही.

जरा हिशेब करू

समजा, २५० ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम वनस्पती तूप घातलं आणि १२ पॅटिस झाले. म्हणजे प्रत्येकात साडेबारा ग्रॅम चरबी. त्यातली निम्मी संपृक्त धरली तरी सहा ग्रॅमच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबीतून येऊ नयेत. २००० कॅलरीच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. दोन पॅटिसांत त्यातला निम्म्याहून जास्त वाटा संपला, आणि जेवण अजून व्हायचंच आहे.

"डॉक्टर, एका दिवसाने काय होतंय?" हे मला रोज ऐकू येतं. एका दिवसाने काही होत नाही, हे खरं. पण आपलं वर्ष बघा. लग्नसराई, गणपती, दिवाळी, वास्तुशांत, हळदीकुंकू. प्रत्येक ठिकाणी तो 'एकच दिवस' असतो. ज्यांना अँजिओप्लास्टी झाली आहे, मधुमेह आहे किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, त्यांनी हा हिशेब महिन्याचा मांडावा.

मटार करंजी: पूर्ण व्हेगन, आणि आपलीच

करंजीचं आवरण खुसखुशीत होतं ते मोहनामुळे. गरम तेल पिठाच्या कणांभोवती बसतं आणि पीठ चिवट होऊ देत नाही. इथे घट्ट चरबीची गरजच नाही, आपलं नेहमीचं शेंगतेल चालतं.

साधारण २० करंज्यांसाठी एक वाटी कणीक, अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक रवा आणि अर्धा चमचा मीठ घ्या. चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला आणि पाण्याने घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. सारणाला ३०० ग्रॅम सोललेला मटार. थंडीत कपिलतीर्थ मंडईत तो गोड आणि स्वस्त मिळतो. मटार भरड वाटा. दोन चमचे तेलात जिरं, हिंग, आलं-मिरची टाकून मटार परता, झाकून वाफ काढा आणि कोरडा करा. अर्धी वाटी ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, मीठ घाला. सारण पूर्ण थंड झाल्यावरच भरा, नाहीतर आवरण ओलं होऊन फुटतं.

कडा चिकटवायला दुधाऐवजी पाणी घ्या. वरून तेलाचा हात फिरवा, काट्याने एक-दोन टोचे मारा आणि १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा. मध्ये एकदा उलटा. एअर फ्रायरमध्ये वेळ कमी लागतो. पॅटिससारखे पदर सुटणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण खुसखुशीतपणात ही करंजी कमी पडत नाही.

करंजी आकाराने लहान असते, म्हणून दोन करंज्यांची तुलना एका पॅटिसशी करू. दोन करंज्यांत मिळून सुमारे नऊ ग्रॅम चरबी येते. त्यात संपृक्त जेमतेम अडीच-तीन ग्रॅम, म्हणजे पॅटिसच्या निम्मी. शिवाय मटारातून प्रथिनं आणि तंतू मिळतात. तळली तर हा फायदा बराच कमी होतो. तळायचीच असेल तर ताजं तेल घ्या, आधीच्या तळणाचं उरलेलं नको.

"थोडंसं तूप चालतंय की"

नाही, चालत नाही. पाहुण्याने व्हेगन आहे म्हटलं की मोहनात चमचाभर तूप घालून गप्प बसणं हा त्याच्या विश्वासाचा प्रश्न आहे. आणि कधीकधी तो आरोग्याचाही असतो. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पोट फुगतं, जुलाब होतात. दुसरीत थोड्याशा दुधानेही अंगावर गांधी उठू शकतात, श्वास कोंडू शकतो. 'व्हेगन' म्हणणाऱ्याच्या मागे यातलं काय आहे, हे आपल्याला माहीत नसतं. तेव्हा विचारा, आणि घातलं असेल ते खरं सांगा.

विकतचं आणत असाल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका पुरेसा नाही. तो शाकाहाराचा आहे, त्यात दूध चालतं. व्हेगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं वेगळं हिरवं चिन्ह आहे, त्यात इंग्रजी 'व्ही' अक्षर असतं. पण तेही फक्त प्राणिजन्य घटक नाहीत एवढंच सांगतं. चरबी किती आणि कोणती, हे मागच्या तक्त्यातच वाचावं लागतं. सुटं पॅटिस आणलं तर तो तक्ताही नसतो.

पंगत मांडताना

- जैन पाहुणे असतील तर आल्याऐवजी फक्त मिरची-जिरं घाला. व्हेगन आणि जैन या दोन वेगळ्या अटी आहेत.
- शेंगदाणा किंवा काजूची ॲलर्जी कुणाला आहे का, ते विचारा. दुधाऐवजी काजूची पेस्ट सर्रास वापरतात, आणि शेंगतेलाऐवजी सूर्यफूल तेलही चालतं.
- लहान मुलं आणि गिळायला त्रास होणारी वयस्कर मंडळी असतील तर मटार अख्खा ठेवू नका, घशात अडकू शकतो.
- ओल्या खोबऱ्याचं सारण लवकर बिघडतं. भाजलेल्या करंज्या दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर नकोत. आदल्या दिवशी भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि ऐनवेळी भाजा.
- दह्याच्या डिपऐवजी कोथिंबिरीची हिरवी चटणी ठेवा.
- मधुमेहाच्या मंडळींनी "संध्याकाळी पार्टी आहे" म्हणून दुपारचं जेवण चुकवू नये. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दोन करंज्या आणि सोबत वाटीभर कोशिंबीर पुरे. कोशिंबिरीतही दह्याऐवजी लिंबू पिळा.

आणि घरातलं जे मूल कायमचं व्हेगन झालं आहे, त्याच्याशी वाद घालण्याऐवजी त्याला ब जीवनसत्त्व १२ ची तपासणी करायला सांगा. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी लागते. पार्टीत कोण काय खात नाही याची चर्चा पुष्कळ होते. या एका गोळीची आठवण मात्र कुणी करून देत नाही. ती तुम्ही द्या.