सील तीनदा बदललं, गळती तीच!

ट्रॉलरमालक आणि तांडेल मंडळी, १ जूनची बंदी लागली, मालीमच्या धक्क्यावर बोटी लागल्या, मेकॅनिकची धावपळ सुरू झाली. म्हणून आमचा गेल्या हंगामातला शहाणपणा सांगतो. विकत घेतलेला आहे.

आमच्या गिअरबॉक्समधून ऑइल पडायचं. मागचं ऑइल सील बदललं. चार फेऱ्या बरं, पुन्हा खाली ऑइल. मग दुसरं सील, गॅस्केट, तिसरं सील. दर वेळी ऐकलं, "माल डुप्लिकेट." आम्हीही मान डोलावली.

माल चांगला होता. सील जिथे घासतं तिथे कपलिंगच्या गळ्यावर नखाला लागेल अशी खाच पडली होती. नवीन सीलही त्याच खाचेवर बसायचं. आणि मूळ कारण त्याहून मागे होतं. इंजिनच्या फाउंडेशनचे बोल्ट ढिले, त्यामुळे शाफ्टची लाइन गेलेली. गळ्यावर स्लीव्ह चढवली, बोल्ट आवळले, लाइन जुळवली. गळती थांबली.

आमचं मत असं, की ऑइल कुठून येतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये. ऑइल ओघळतं, फिरत्या कपलिंगवरून उडतं. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. आधी सगळं पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर मारा, इंजिन चालू करून बघा पहिला ओला डाग कुठे उठतो. फिरत्या शाफ्टजवळ मात्र हात नको. काळं ऑइल असेल तर ते इंजिनचं असू शकतं. ब्रीदर तुंबला किंवा ऑइल जास्त भरलं, तरी गरम झाल्यावर ते सीलमधून बाहेर येतं. बाहेर थेंब नाही पण लेव्हल उतरते, किंवा ऑइल दुधाळ झालंय? मग कूलर तपासा. लाइन बघायची ती बोट पाण्यात असताना, फिलर गेज लावून. जमिनीवर घेतलेली लाइन पाण्यात उतरल्यावर बदलते.

हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. ऑइल उतरलं की क्लच घसरतो, प्लेटा जळतात. आग्वादजवळ लाटांत गिअर धरला नाही, तर खलाशांचं काय? आणि तळात साचलेलं ऑइल पंपाने जातं कुठे? मांडवीतच ना!

चूक एकट्या मेकॅनिकची नाही. पार्टाचे पैसे आपण निमूट देतो, पण दोष शोधायला घातलेल्या दोन तासांचे द्यायला कां कू करतो. मग तो तरी शोधेल कशाला? पार्टच बदलणार. यंदा त्या वेळेचे पैसे द्या, जुनं सील हातात मागून घ्या आणि विचारा, "हे का गेलं?"

३१ जुलैपर्यंत वेळ आहे. आधी शोधा, मग बदला.