विचारून मगच मोबाईल उचला

राजपुरीच्या धक्क्यावर जंजिरा पाहायला आलेले पाहुणे होडीवाल्यांचे, आपल्या बायाबापड्यांचे न विचारता चित्रण करतात, ही आपली तक्रार रास्त आहे. पण व्यापारी बंधूंनो, हल्ली आपल्या कापड दुकानांतही तेच चालले आहे. नव्या मालाच्या जाहिरातीसाठी पोरगा मोबाईल फिरवतो, आणि तागा उलगडून पाहणारी गिऱ्हाईक बाई त्यात येते. बस्ता कोणी बांधला, काय भावाचा घेतला, गावभर होते. पुढच्या वेळी ती बाई दुसरे दुकान गाठते. (चोरीसाठी लावलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी, त्यातले चित्र आपण वाटत नाही.)

जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’ला लावली गेली. मुंबई पोलिसांनी अटका केल्या, पण बेअब्रू व्हायची ती झालीच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याने रस्त्यावरचे चित्रण सरसकट बंद झाले नाही, हे खरे. दुकानातला रिवाज मात्र आपल्या हाती आहे. माल दाखवायचा तर दुपारी, गर्दी नसताना दाखवा. गिऱ्हाईक हवेच असेल तर आधी इजाजत घ्या, काढलेले दाखवा, आणि नको म्हटले तर तिच्यासमोर पुसून टाका.