नायक कोणाच्या मालकीचा?

कादंबऱ्या लिहून घर चालवायचे ठरवलेली तरुण मुले हल्ली भेटली की एकच विचारतात: सध्या काय खपते? भयकथा, रहस्यकथा की प्रेमकथा? या विचारण्यात कमीपणाचे काही नाही. लोकांना आवडते ते नीट लिहून त्यावर जगणे हे सचोटीचे काम आहे. रहस्यकथेला साहित्याच्या पंगतीत बसू न देणाऱ्या समीक्षेने मराठी वाचनाचे नुकसानच केले, असे मी मानतो. माझी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयात येणारा माणूस पुस्तकाचे नाव सांगत नसे. नवा ‘झुंजार’ आला का, ‘काळा पहाड’ आहे का, असे विचारी. लोकप्रिय प्रकाराचे सगळे बळ इथे आहे. वाचक रहस्याला भुलून एकदा येतो, पण परत येतो तो ओळखीच्या माणसासाठी. नारायण धारपांचे समर्थ, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद ही माणसे वाचकाच्या घरातली झाली होती. लेखकाची खरी कमाई ती होती.

पैसा मात्र हस्तलिखिताचा मिळे. ही छोटी पुस्तके मुख्यतः वाचनालयांच्या जोरावर चालत. एक प्रत कितीतरी हातांतून फिरे, पण विक्री एकदाच. अनेक लेखक एकरकमी मोबदला घेऊन पुढच्या कथेला बसत. हात थांबला की मिळकत थांबली. अर्नाळकरांचे मुंबईत चष्म्याचे दुकान होते. रत्नाकर मतकरी गूढकथा आणि नाटके लिहीत वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी करत राहिले आणि १९७८ मध्ये पूर्णवेळ लेखक झाले. गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, तरी उतारवयात त्यांच्या आजारपणाच्या आणि पैशांच्या ओढाताणीच्या बातम्या आपण वाचल्या. एवढे लिहिणाऱ्या माणसावर ही पाळी यावी, याचे मला आजही वाईट वाटते.

आजचा हिशेब करून पाहू. तीनशे रुपयांचे पुस्तक, हजाराची आवृत्ती, दहा टक्के मानधन: सगळी आवृत्ती संपली तर तीस हजार रुपये. ती संपायला दोन वर्षे लागली, तर महिन्याला साडेबाराशे. कोणताही प्रकार निवडा, नुसत्या छापील पुस्तकावर घर चालत नाही. चालले तर ते त्याच कथेच्या दुसऱ्या, तिसऱ्या जन्मावर चालेल. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून १९६९ मध्ये ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला. शिरवळकर २००३ मध्ये गेले आणि त्यांच्या ‘दुनियादारी’वरचा चित्रपट २०१३ मध्ये गर्दी खेचत होता. आता त्यात श्राव्य पुस्तके आली, वेबमालिका आल्या. गाडी चालवताना, स्वयंपाक करताना ऐकणाऱ्याला भागांमागून भाग लागतात, आणि ते पुरवायला मालिकेतल्या नायकाइतके सोयीचे कोणी नाही.

म्हणून प्रकार निवडताना मी दोनच गोष्टी पाहायला सांगतो. जे तुम्ही स्वतः रात्री जागून वाचता तेच लिहा, कारण पहिल्या पुस्तकाला चालून जाणारे उसने भय दहाव्या पुस्तकाला पुरत नाही. आणि करारावर सही करण्यापूर्वी नायक कोणाच्या नावावर राहतो ते वाचा. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे एक वाक्य कागदात सहज बसते आणि नवा लेखक पुस्तक छापून येण्याच्या आनंदात त्यावरून पुढे जातो. छापील, श्राव्य, चित्रपट, अनुवाद असे हक्क वेगवेगळे देता येतात. नायकाला घेऊन पुढची पुस्तके लिहिण्याचा हक्क आपल्याकडेच ठेवता येतो. मुदत घालता येते.

१९५७ चा कॉपीराइट कायदा इथे लेखकाच्या बाजूचा आहे. हक्क सोपवताना करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरताच करार मानला जातो. आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. आज पंचविशीत पहिली रहस्यकथा लिहिणाऱ्या मुलीच्या नातवंडांपर्यंत तो पोचू शकतो, तिने तो पहिल्याच कागदावर देऊन टाकला नाही तर.