खुर्चीची वास्तू

राजाने स्वतःसाठी महाल बांधला, तर त्यात नवल नाही. परंतु ज्याने मतदारांपुढे हात जोडून स्वतःस जनतेचा सेवक म्हणवून घेतले, त्याने जनतेच्याच पैशाने राजाचा थाट मांडावा, हे आम्हांस बोचते.

हैदराबादचे उदाहरण घ्या. तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना जुन्या सचिवालयात वास्तुदोष दिसला. २०१५ साली त्यांनी ते एर्रागड्डा येथील छातीच्या विकारांच्या सरकारी रुग्णालयाच्या जागेवर हलविण्याचे ठरविले. मंत्र्यांचे ग्रह सुधारावेत म्हणून क्षयरोग्यांनी जागा सोडावी! तो बेत बारगळला. पुढे जुलै २०२० मध्ये, ऐन महामारीत, जुन्या सचिवालयावर हातोडा पडला. त्याच महिन्यात, त्याच शहरात, उस्मानिया रुग्णालयाच्या वॉर्डांत पावसाचे गढूळ पाणी शिरले व रुग्णांच्या खाटांखालून वाहिले. ३० एप्रिल २०२३ रोजी नव्या सचिवालयाचे उद्घाटन झाले. त्यासाठी सहाशे कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले होते.

जुन्या इमारती गैरसोयीच्या होत्या, आगीपासून सुरक्षित नव्हत्या, असे सरकारचे म्हणणे होते. त्यात तथ्य असेलही. परंतु जिने आणि वायरी दुरुस्त करता येतात; त्यासाठी याच शतकात उभ्या राहिलेल्या इमारतीही जमीनदोस्त कराव्या लागत नाहीत.

पाडकामात तेथील मंदिराची व मशिदींची हानी झाली. सरकारने ती प्रार्थनास्थळे पुन्हा बांधली, जोडीला चर्चही दिले. २५ ऑगस्ट २०२३ रोजी ती सर्व खुली झाली. येथे आम्हां ख्रिस्ती लोकांची कसोटी लागते. अंगणात चर्च मिळाले म्हणून हिशेब विचारणे सोडावे काय? धर्मगुरूंचे निवास सजविताना आम्हीही विधवेच्या दमडीचा विसर पडू देतो, हे कबूल करूनच आम्ही हे लिहीत आहोत. कारभारी कोणीही असो, धन त्याचे नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये मतदारांनी राव यांच्या पक्षास सत्तेवरून दूर केले. निर्दोष वास्तूतील खुर्ची सात महिनेच टिकली.

आमची मागणी साधी आहे. मंत्र्यांच्या दालनांवरील खर्च मंजूर करण्यापूर्वी तो आकडा आणि रखडलेल्या रुग्णालय-दुरुस्तीचा आकडा विधिमंडळापुढे शेजारी शेजारी मांडला जावा. वाचकहो, मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास आपण एवढे तरी विचारू या.