त्याला ‘बिन चिकन’ म्हणू नका

रविवारच्या वर्गाच्या मधल्या सुट्टीत डबे उघडले की पांढरा आयबिस हजर! लगेच कोणीतरी ‘बिन चिकन’ म्हणून ओरडते. आम्हीही ओरडायचो. आता आम्हांला ते पटत नाही.

हा पक्षी मूळचा पाणथळ जागेतला. वाकड्या चोचीने चिखलातले किडे, खेकडे शोधून खाणारा. दुष्काळ पडले, नद्यांचे पाणी शेतीकडे वळले, पाणथळी आटल्या. मग १९७०च्या दशकापासून तो सिडनीत वस्तीला येऊ लागला. चोच तीच, चिखलाऐवजी कचरापेटी!

१९३५ साली क्वीन्सलंडमध्ये आणलेले केन टोड विषारी असतात. ते खाऊन कित्येक प्राणी मरतात. आयबिस मात्र टोडला चोचीत धरून झटकतो, विष सोडायला लावतो, पाण्यात धुतो आणि मग गिळतो.

आपले आईबाबाही गाव सोडून इथे आले, मिळेल त्या भाजीत भागवायला शिकले. त्यांना कोणी हसले तर आपल्याला चालेल का?

महाराष्ट्रातल्या त्याच्या चुलतभावाला शराटी म्हणतात. आम्हीही यापुढे ह्याला शराटीच म्हणणार. तुम्हीही म्हणा. आणि हो, डबा झाकून ठेवा. मान देणे वेगळे, पोळी देणे वेगळे!