रॉ फाइल उघडत नाही? दोष सॉफ्टवेअरला देण्याआधी...

'नवा कॅमेरा घेतला, गणपतीचे फोटो रॉमध्ये काढले, आणि डार्कटेबल ते उघडतच नाही. फुकटचं सॉफ्टवेअर असंच असायचं!' इथे म्युनिकच्या मराठी मंडळींत ही तक्रार नेहमी ऐकू येते. तुमचीही असेल, तर माझं थोडं वेगळं मत ऐका.

रॉ फाइल म्हणजे तयार चित्र नव्हे, ती सेन्सरच्या मोजमापांची वही आहे. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू सहसा लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो; उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढावे लागतात. १४ बिटच्या रॉमध्ये प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, नेहमीच्या जेपेगमध्ये २५६. पण ही वही वाचायला त्या मॉडेलची काळी-पांढरी पातळी आणि रंगांचं कोष्टक लागतं, आणि बहुतेक कंपन्या ते उघड करत नाहीत.

मग कुणीतरी ते शोधून काढतं. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये 'डीसीरॉ' लिहायला घेतलं. लिबरॉ त्याच पायावर उभं आहे. कॅननने २०१८ मध्ये सीआर३ हा नवा प्रकार आणला, तो डार्कटेबलमध्ये उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. हा उशीर कुलूप लावणाऱ्याचा, की किल्ली घडवणाऱ्याचा?

तुमची फाइल अडली असेल, तर आधी सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहा. लिनक्सच्या भांडारातली बरेचदा जुनी असते; फ्लॅटपॅकमधून नवी घ्या. फोटो उघडतो, पण ढग गुलाबी दिसतात? बहुधा पांढरी पातळी चुकली आहे. जेपेगपेक्षा फिका दिसतो? तो बिघाड नाही, कॅमेऱ्याने जेपेगवर केलेला साजशृंगार रॉमध्ये नसतो. काहीच जमलं नाही, तर डीएनजीत रूपांतर करा, पण मूळ फाइल ठेवा. नुसतं एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही.

याच शहराने हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतलाय. म्युनिक पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. कारणं अनेक होती, पण बाहेरून आलेल्या फाइल्स नीट उघडत नाहीत ही तक्रार त्यात सतत होती. सॉफ्टवेअर मुक्त असून भागत नाही, फाइलचा प्रकारही खुला लागतो.

म्हणून पुढचा कॅमेरा घेताना मेगापिक्सेलइतकंच हेही विचारा: हा डीएनजी देतो का? लायका, पेंटॅक्स देतात. आणि तुमचं मॉडेल अडत असेल, तर 'रॉ डॉट पिक्सल्स डॉट यूएस'वर एक नमुना फाइल चढवा. विकासकांना नेमकी तीच हवी असते. मुलांच्या बारशाचे फोटो त्यांच्या लग्नातही उघडावेत असं वाटत असेल, तर एवढे कष्ट फार नाहीत.