शुद्ध रक्त कुणाचं?

एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांच्या बैठका घेताना एक वाक्य मी अनेकींच्या तोंडून ऐकलंय. सासरचे म्हणाले, "आमच्या घराण्याचं रक्त नासवलंस." बहुतेकींना लागण नवऱ्याकडूनच झालेली असते. पण पुष्कळदा पहिली तपासणी होते ती बाईची, गरोदरपणात. मग दोष तिच्या नावावर, आणि घराबाहेर जायचं तेही तिनंच.

रक्ताच्या शुद्धतेची ही भाषा आपल्याला नवी नाही. बाईच्या कुशीवरचा पहारा आणि जात, दोन्ही तिच्याच आधारानं टिकलेत. म्हणूनच विज्ञानातली एक गोष्ट मैत्रिणींना सांगावीशी वाटते.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस गटातला विषाणू. हे विषाणू आपली माहिती आपल्या पेशीतल्या डीएनएमध्येच घुसवतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी असेच काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडे जात राहिले. २००१ साली मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातला सुमारे ८ टक्के भाग या विषाणूंच्या अवशेषांचा निघाला. प्रथिनं बनवण्याची माहिती मात्र जेमतेम दीड टक्का!

बहुतेक अवशेष आता निकामी आहेत. पण त्यातलं एक जनुक वारेत काम करतं, हे २००० साली कळलं. त्यापासून सिन्सिटिन नावाचं प्रथिन बनतं. मूळ विषाणू त्याच्या मदतीनं पेशीत शिरायचा. वारेत तेच प्रथिन पेशी एकमेकींत मिसळवून सलग थर तयार करतं. या थरातून आईकडचं अन्न आणि प्राणवायू बाळाला पोचतो. म्हणजे ज्या वंशाच्या दिव्यासाठी सुनेचा छळ होतो, तो दिवाही एका जुन्या विषाणूच्या कृपेनं वाढलेला!

हे एका बैठकीत सांगितलं तेव्हा एकजण पटकन म्हणाली, "मंजे सासूच्या अंगातबी हायेच की!" सगळ्याजणी खूप दिवसांनी मोकळं हसल्या.

याचा अर्थ एचआयव्ही निरुपद्रवी आहे असा नाही. औषधं रोज घ्यायलाच हवीत. उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, वेळेवर उपचार मिळाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. आणि बाईचा हक्क काही जनुकांवर अवलंबून नाही. राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही, हे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सांगतो. एचआयव्हीमुळे होणाऱ्या भेदभावाला २०१७ च्या कायद्यानं मनाई केली आहे.

तेव्हा घरातून काढलेली बाई आपल्याकडे आली, तर आधी या कायद्यांचा आधार घेऊ. आणि कुणी शुद्ध रक्ताची गोष्ट काढलीच, तर त्याला शांतपणे विचारू: कुणाचं?